तळ्याला थांबा नव्हता

वनमाला वहिनींना गाडी मागं घेता येत नाही, हे मी केज यायच्या आतच ओळखलं होतं. पण बोललो नाही. एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला दोन गोष्टी जमतात: सोंग ओळखणं, आणि ओळखलं तरी पुढच्या थांब्यापर्यंत दम धरणं. तिकीट न काढता खिडकीला डोकं टेकून झोपलेला गडी खरंच झोपलाय का, हे मी त्याच्या पायाच्या अंगठ्याकडं बघून सांगायचो. झोपलेल्याचा अंगठा सैल असतो. सोंगाड्याचा ताठ.

वहिनींचे अंगठे स्टेअरिंगवर होते. नेकनूर सोडलं तेव्हापासून ताठ.

गाडी तशी त्यांच्या नवऱ्याची, धर्मराजची. धर्मराज ड्रायव्हर, मी कंडक्टर, गाव एकच नेकनूर आणि बरीच वर्षं गाडीही एकच. तो पुढं बघायचा, मी मागं. रिटायर झाल्यावर मी घरी बसून पेपर वाचायला लागलो, ह्यानं जुनी पांढरी मोटार घेतली. "जल्मभर सरकारची चालवली, आता स्वतःची चालवतो," म्हणाला. चालवली थोडीच. साखरेनं डोळे धरले. आता त्याला समोरचं मधोमध पुसल्यासारखं दिसतं आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणजे पाव्हणा दारात आला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तोंडावरनं माणूस कळतो असं कुठंय, असं म्हणून मी त्याची समजूत घातली. त्यानं मला शिवी दिली. शिवी बरोबर तोंडावर बसली.

मोटार दारात उभी राहिली. वहिनी गावच्याच झेडपीच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी कुणाला न विचारता बीडला क्लास लावला, लायसन काढलं आणि एका संध्याकाळी गाडी गल्लीत मागून घालायला गेल्या. शेजारच्या धोंडीरामच्या कंपाउंडचा कोपरा गेला. धोंडीरामनं त्या कोपऱ्याचा असा शोक केला की मला वाटलं आता दहावा पण घालतो. आत खाटेवर पडलेल्या धर्मराजनं तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "ज्याला रिवस येत न्हाई त्यानं स्टेरिंगला हात लावू न्हाई. इकून टाकू."

त्या दिवसापासून गाडी शाळेच्या ग्राउंडवर उभी राहायला लागली. गिऱ्हाईकही ठरलं, तलवाड्याचा बंकट. भाऊबीज झाली की येऊन गाडी नेणार होता.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आमच्या घरी आल्या. आमची भिमाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेली, वहिनींची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचं आधीच काहीतरी शिजलेलं होतं, कारण भिमाबाईनं न सांगता मला चहाचा दुसरा कप दिला.

"भावजी, बंकट उद्या येणार," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्याशी बोली केलीय मी. म्हटलं, आता मला रिवस येतं. आज सुट्टी हाय, मांजरा धरणाच्या पाण्याला जाऊन येऊ. दुसऱ्या कुणाचा हात स्टेरिंगला न लागता गाडी नेली आणि आणली, तर बंकटला न्हाई म्हणायचं."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर मीच किल्ली देते बंकटला." मग म्हणाल्या, "भावजी, मी सगळी उमर बसची वाट बघितली. ह्यांच्याच बसची. आता ह्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला बीडला न्यायचं, तिथं बी बसचीच वाट बघू का?"

मांजराचंच पाणी का, हे त्यांनी सांगितलं नाही, मला सांगायची गरजही नव्हती. केजच्या पुढं धरणाचं पाणी शेताच्या बांधापर्यंत येतं आणि आमची गाडी त्याच्या कडेनं जायची. दिवाळीच्या सुमाराला पाणी तुडुंब असतं. पण तिथं थांबा नव्हता. गाव नाही, फाटा नाही, थांबणार कुणासाठी? धर्मराज रोज म्हणायचा, "माणक्या, एकदा हितं उतरून भाकरी खायची बे." रोजच्या म्हणण्याला कोण विचारतो.

तर निघालो. वहिनी स्टेअरिंगला, धर्मराज त्यांच्या डाव्या अंगाला, आम्ही नवराबायको मागं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये भिमाबाईची पिशवी. पिशवीला माझ्यापेक्षा जास्त जागा होती. दारं लागली आणि माझा हात आपोआप टपावर गेला. ठक, ठक. डबल बेल.

"गप बस बे," धर्मराज म्हणाला. पण त्याचा उजवा पाय हलला, हे मी बघितलं. पुढंही प्रत्येक खड्ड्याआधी तो पाय मॅटवर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. तरी त्याचा ब्रेक वहिनींच्या आधी लागायचा, एवढं मात्र खरं.

आता माझी नोंद सांगतो. पेट्रोल पंपावर वहिनींनी हवेच्या मशिनजवळ गाडी नेली नाही, कारण तिथं भिंत होती. चहाच्या टपरीवर मोकळी जागा होती, तरी त्यांनी गाडी पार पुढं नेऊन शेताच्या तोंडाशी उभी केली आणि आम्ही चहासाठी एवढे चालत मागं आलो की चहा पिऊन परत गाडीपर्यंत जाईस्तोवर तो जिरला. केजच्या अलीकडं एक चांगला ढाबा आला. बाहेर गाड्यांची दाटी. धर्मराज म्हणाला, "थांब, हितली भजी लई भारी."

"त्याचं तेल काळं असतं," वहिनी म्हणाल्या.

"लई काळं," भिमाबाई म्हणाली. ती त्या ढाब्यावर जन्मात उतरलेली नव्हती.

तिथंच माझा हिशेब जुळला. ह्या बाईनं आज सगळा रस्ता असा आखला होता की गाडी फक्त पुढं जाईल. आणि माझी बायको तिला सामील. मी भिमाबाईकडं बघितलं. तिनं पिशवीतून एक करंजी काढून माझ्या हातात ठेवली. तोंड बंद ठेवायची ही आमच्या घरातली जुनी पद्धत आहे. करंजी चांगली होती. मी बंद ठेवलं.

केज मागं पडलं, मोठा रस्ता सोडला आणि एका वळणावर पाणी दिसलं. काठाला मासे धरणाऱ्यांचे तराफे उलटे घालून ठेवलेले, ज्वारीची कोवळी रानं, आणि पाण्यात अर्धी बुडालेली बाभळ, तिच्यावर पांढरे बगळे. वहिनींनी काठाच्या मोकळ्या पटांगणात एक मोठं गोल चक्कर मारून गाडीचं तोंड परत रस्त्याकडं केलं आणि मगच बंद केली. मी मनात म्हटलं, वा.

"आलं का?" धर्मराजनं विचारलं.

"आलं की. उतरा."

तो उतरला. पाण्याचा वास घेत थोडा उभा राहिला. मग मान जराशी तिरपी करून बघायला लागला. समोर बघितलं तर त्याला दिसत नाही, म्हणून तो जे बघायचंय त्याच्या बाजूला बघतो. लांबून वाटावं की माणूस रुसलाय.

आम्ही चवाळं अंथरलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं, दिवाळीतला उरलेला चिवडा. भिमाबाईनं वाढता वाढता विचारलं, "काय डायव्हर साहेब, कसं हाय पाणी?"

"मधी न्हाई दिसत. कडा दिसती." त्यानं भाकरी मोडली. "मधी काय असतंय? पाणीच की. तळ्याला कडाच असती बघायला."

"मंग आधी कावून न्हाई थांबला कधी?" वहिनी म्हणाल्या. "एवढी वर्षं गेला ना हितनं."

"थांबा नव्हता."

"थांबा नव्हता म्हणे. ड्रायव्हर तुमीच होता ना?"

"ड्रायव्हर मी होतो, बेल ह्याच्या हातात होती," माझ्याकडं बोट करून तो म्हणाला. "ह्यो एक बेल मारील तवा मी थांबणार. ह्यानं मारली न्हाई."

मी म्हटलं, "मारली असती तर डेपोत माझीच बेल वाजली असती." सगळे हसले. बराच वेळ बसलो. कुणाला घाई नव्हती. भिमाबाई आणि वहिनी पाण्यात पाय सोडून बसल्या आणि शाळेतल्या कुठल्या तरी बाईंच्या साडीवर बोलत राहिल्या. धर्मराज उताणा पडला होता. बायका लांब आहेत असं बघून हळूच म्हणाला, "माणक्या, चांगली चालवती बे. क्लच लई दाबती, पण चांगली चालवती."

"मंग इकतो कावून?"

त्यानं कूस बदलली. मग म्हणाला, "डाव्या अंगाला बसवत न्हाई बे. तिथनं सगळं ऐकू येतं, करता काहीच येत न्हाई."

म्हणजे भिंतीचा कोपरा हे निमित्त होतं. धोंडीरामनं उगाच शोक केला.

ऊन कलल्यावर निघालो. पटांगणाच्या पुढं रस्ता पाण्याच्या कडेनं एका भरावावरून जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला वेड्या बाभळीचा खड्डा. गाडी जाईल आणि वर एखादी शेळी जाईल, एवढीच रुंदी. धर्मराजला पाण्याची कडा अजून थोडी दिसावी म्हणून इकडनं जायचं, आणि भराव ओलांडला की वळसा घालून परत मोठ्या रस्त्याला लागायचं, असा वहिनींचा बेत. निम्मा भराव ओलांडला आणि पलीकडच्या बाभळींमागून मोठ्यानं गाणं वाजत ट्रॅक्टर आला.

दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कारखान्याकडं निघालेला तो ट्रॅक्टर. मागं एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत राहायच्या कोपीचे, म्हणजे झोपडीचे, बांबू, पाचट, पेट्या, भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि ह्या सगळ्यावर बसलेली माणसं. ट्रॅक्टर आमच्या तोंडासमोर येऊन थांबला. गाणं बंद झालं.

ड्रायव्हर पोरगेला, सिदू म्हणत होते त्याला. तो उभा राहून ओरडला, "ओ पाव्हणं, घ्या मागं! डबल ट्रॉली हाय, माझी मागं येत न्हाई!"

खरंच येत नाही. एक ट्रॉली कसबी माणूस मागं घेईल, दोन म्हणजे सापासारख्या मुडपतात. मागं यायचं ते आम्हीच.

"घे की मागं," धर्मराज म्हणाला.

वहिनी हलल्या नाहीत. सिदूनं वाकून काचेतून बघितलं. "आरं, बाई हाय व्हय? मंग उतरा बाई, मी घेतो मागं. चुटकीचं काम."

वरून ट्रॉलीतून एक म्हातारी बोलली. काखेत कोंबडी धरलेली. "बाईनं आणलीय ना हितवर? मंग बाईच नेईल की. तू गप रं सिद्या."

"आगं छबुमाय, अंधार पडंल अशानं!"

"पडू दे. तुझ्या ट्रॅक्टरला दिवं हायत का न्हाईत?"

ट्रॉलीत हशा पिकला. आमच्या गाडीत कुणी हसलं नाही. वहिनींचा हात दाराच्या खिट्टीवर गेला होता. खाली उतरायचं, त्या पोराला गाडी द्यायची, तो मागं घेईल आणि उद्या बंकट गाडी नेईल. सगळं एका खिट्टीवर येऊन थांबलं होतं.

"मला येत न्हाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रिवस. त्या दिवसापासून टाकलंच न्हाई मी. खोटं बोलले तुमाला."

भिमाबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागली. ह्या वेळी करंजीनं भागण्यासारखं नव्हतं.

धर्मराज समोर बघत होता, म्हणजे काहीच बघत नव्हता. त्याचा उजवा पाय मॅटवर गच्च रोवलेला. मग त्यानं तो उचलून मागं घेतला.

"उतरू नको," तो म्हणाला. "मला बी कुठं येत हुतं?"

"तुमाला?"

"अगं, बसला मागचं काय दिसतंय? पब्लिक उभं, त्यांची बोचकी. मी उभ्या नोकरीत मागं बघितलंच न्हाई. हा माणक्या खाली उतरून पत्र्यावर थापा मारायचा, मी ऐकायचो. जिकडच्या अंगाला थाप, तिकडं वळवायचं. थापा चालू तवर यायचं. एक जोरात, की थांबायचं. मला रिवस येत न्हाई, वनमाला. मला ऐकाया येतं."

आता एस.टी.ला दोन्ही अंगांना आरसे असतात आणि धर्मराज ते रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, हे नेकनूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण नोकरीत कुणाचं खोटं तिकीट चालवून घेतलं नाही, त्या दिवशी घेतलं.

मी उतरून मागं गेलो. वहिनींनी गिअर टाकला. आणि मग जे व्हायला नको ते झालं. सिदू ओरडला "उजवीकडं!" त्याचं तोंड आमच्याकडं, त्यामुळं त्याची उजवी आमची डावी. ट्रॉलीतले बापये ओरडले "डावीकडं!" भिमाबाई काचेतून डोकं काढून म्हणाली, "पाणी, पाणी!" आणि मी थापा मारायच्या सोडून दोन्ही हात हलवत "यू द्या, यू द्या" करत होतो, जे गाडीत बसलेल्या कुणालाच दिसत नव्हतं. मागचं एक चाक भरावाच्या कडेला गेलं. मुरूम सुटून पाण्यात पडल्याचा आवाज आला. मी टपावर एक अशी मारली की हाताला झिणझिण्या आल्या. गाडी थांबली.

काच खाली झाली. धर्मराजनं बाहेर तोंड काढलं. डेपोत संपाच्या वेळी काढायचा तो आवाज काढला. "सगळ्यांनी तोंड बंद! सिद्या, तू बी! ज्याला बोलायचंय त्यानं पाण्यात जाऊन बोला. फक्त बेल वाजंल!"

कोंबडीसुद्धा गप्प झाली.

"माणक्या, हात चालव बे. म्हातारा झालास का?"

मी उजव्या अंगावर थाप मारली. ठक. ठक. ठक. क्षणभर काही झालं नाही. मग गाडीचं बूड हळूच उजवीकडं, पाण्यापासून आत आलं. मी डाव्या अंगाला गेलो, बूड डावीकडं आलं. चालत चालत थापा मारत होतो, आणि माझ्या हाताला कळत होतं की आत कुणीतरी ऐकतंय. आतून धर्मराजचा आवाज यायचा, तोही थापेच्या लयीत, "ये... ये... आता इकडं... ये..." त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्यानं स्टेअरिंगला बोटही लावलं नाही. भरावाचा तो तुकडा काही फार लांब नव्हता, पण मला तेव्हा तो कळंबपर्यंत गेल्यासारखा वाटला.

पटांगण आलं. मी एक जोरात मारली. वहिनी थांबल्या.

ट्रॅक्टर हळूहळू बाजूनं निघाला. सिदूनं मान खाली घालून सलाम केला. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. मागून छबुमाय कोंबडी सावरत ओरडली, "ओ बाई! आमच्या सिद्याला बी शिकवा मागं घ्यायचं. चार म्हैने आमी ह्येच्याच मागं हाव!"

गाणं परत सुरू झालं आणि लांब गेलं. वहिनींनी स्टेअरिंगवरचे हात सोडले, पदरानं पुसले. मी आत येऊन बसलो. भिमाबाईनं सगळ्यांना चिवडा दिला. दारं लागली. मी टपाकडं हात नेला आणि थांबलो.

"वाजव की बे," धर्मराज म्हणाला.

ठक, ठक.

परतताना केज ओलांडल्यावर वहिनींनी त्याच ढाब्यावर गाडी घातली. दाटीतून. भजी खाल्ली. तेल काळंच होतं, ते भिमाबाईनं मला दोनदा दाखवलं.

नेकनूरला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. वहिनींनी सवयीनं शाळेच्या ग्राउंडकडं वळण घेतलं.

"तिकडं कावून?" धर्मराज म्हणाला. "गल्लीत घे. मागून घाल."

वहिनींनी माझ्याकडं आरशात बघितलं. मी दार उघडायला लागलो, तर तो म्हणाला, "तू बस बे. तुझी ड्यूटी संपली." आणि स्वतः उतरला. गाडीच्या अंगाला हात लावत लावत मागं गेला. गल्लीच्या तोंडाशी धोंडीरामच्या कंपाउंडचा कोपरा, नवा सिमेंट लावलेला. धर्मराजनं एक हात त्या भिंतीवर ठेवला आणि दुसरा गाडीच्या डिकीवर.

आवाज ऐकून धोंडीराम बनियनवर बाहेर पळत आला. "आवो मास्तरीन बाई! आवो धर्माभाऊ! परत का?"

"गप रे," धर्मराज म्हणाला. "बेल चालू हाय."

ठक. ठक. ठक. गाडी मागं यायला लागली. धर्मराज तिच्यासोबत एकेक पाऊल मागं सरकत होता. एक हात भिंतीवरून घसरत, दुसरा डिकीवर पडत. त्याला भिंत दिसत नव्हती, गाडी दिसत नव्हती, पण दोन्हींच्या मध्ये तो स्वतःच होता, तेव्हा जागा किती उरली हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? हात दुमडत आले. कोपर पोटाला लागलं. त्यानं एक जोरात मारली.

गाडी थांबली. कोपरा शाबूत होता. धोंडीराम तरीही वाकून त्यावरून हात फिरवत होता.

वहिनी उतरल्या. किल्ली हातात धरून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. धर्मराजनं तळहात विजारीला पुसला आणि मान तिरपी करून त्यांच्या बाजूला कुठंतरी बघितलं, म्हणजे त्यांच्याकडंच.

"माणक्या," तो म्हणाला, "बंकटला फोन लाव. म्हणावं, येऊ नको. गाडी रूटवर गेली."

"कुठल्या रूटवर इचारलं तर?"

"धर्मापुरी सांग. तिथलं देऊळ बी मी निस्तं रस्त्यावरनं बघितलंय." मग वहिनींना म्हणाला, "सुट्टी कवर हाय गं तुझी?"